मुक्कामाला बंदी असलेलं बेट

अंबरनाथ तालुक्यातल्या जांभूळसारख्या गावातून एखादं कुटुंब घारापुरीला निघालं, तर त्या दिवसाचा हिशोब साधारण असा होतो. आधी रिक्षाने अंबरनाथ नाहीतर बदलापूर स्टेशन गाठायचं, मग लोकल. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ६८ किलोमीटर. गाडी वेळेवर असली तर दीड तास. तिथून गेटवे, तिकिटाची रांग, लाँच भरेपर्यंतची वाट, आणि दहा-अकरा किलोमीटर पाणी कापायला आणखी तासभर. उतरल्यावर लांबलचक धक्का आहे. तो चालत नाहीतर त्या छोट्याशा आगगाडीतून ओलांडायचा. मग दुतर्फा दुकानं असलेल्या सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. पहिल्या लेण्याच्या दारात पोचेपर्यंत दुपार होते, आणि संध्याकाळच्या शेवटच्या लाँचची घाई तेव्हापासूनच सुरू होते. ती चुकवून चालत नाही, कारण पर्यटकाला बेटावर रात्री राहायची परवानगी नाही. जाण्यायेण्यात आठ-नऊ तास आणि बेटाला दोन. या दोन तासांत माणूस सदाशिवासमोर उभा राहतो, फोटो काढतो, माकडांपासून पिशवी सांभाळतो, मक्याचं कणीस खातो आणि परततो. ‘एलिफंटा बघितलं’ असं तो म्हणतो तेव्हा त्याने एका टेकडीच्या पोटातलं एक दालन बघितलेलं असतं.

ही घाई अंतरामुळे होते असं आपण धरून चालतो. पण अंतर तेवढंच ठेवून रात्रीची बंदी उठवली, तर जांभूळच्या त्याच कुटुंबाला एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळते, म्हणजे बेटावरचा वेळ कितीतरी पट वाढतो. तेव्हा घारापुरीचं आजचं रूप ठरवणारी गोष्ट समुद्र नाही, एक नियम आहे. माझं म्हणणं असं, की हा नियम लेण्यांच्या, गावाच्या आणि इतिहासाच्या, तिन्हींच्या तोट्याचा आहे. बेटावर मोजक्या माणसांना, मोजक्या घरांत, गावकऱ्यांच्या हातून मुक्काम करू द्यावा. हे सोपं आहे असं नाही. त्याला घेतले जाणारे आक्षेप भक्कम आहेत आणि त्यातला एक तर मला निम्म्याहून अधिक मान्य आहे.

आधी इतिहासाचं. घारापुरीच्या इतिहासाला आपण लेण्यांचा इतिहास म्हणतो, आणि लेणी म्हणजे पहिलं लेणं. ते आहेच तसं. सुमारे एकोणचाळीस मीटर खोल कोरलेला मंडप, रांगेने खांब, चारही बाजूंना द्वारपाल उभे असलेलं गर्भगृह, आणि दक्षिणेच्या भिंतीत साडेपाच-सहा मीटर उंचीचं सदाशिवाचं त्रिमुख शिल्प. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनाच्या सहाव्या शतकाचा मध्य मानतात. कोणी कोरवलं याचा लेखी पुरावा आज नाही, आणि तो नसण्याची कथा सांगण्यासारखी आहे. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु याने लिहून ठेवलंय, की लेण्यात एक शिलालेख होता. तो वाचता येईना म्हणून काढून लिस्बनला राजाकडे पाठवला. तिथे तो हरवला. आता आपल्याकडे राहिली ती नाणी. कलचुरी राजा कृष्णराजाची तांब्याची हलक्या किमतीची नाणी बेटावर सापडली, आणि नाणेतज्ज्ञ शोभना गोखले यांनी ती लेणं खोदणाऱ्या कारागिरांच्या मजुरीची असावीत असं सुचवलं. मला हा तर्क फार महत्त्वाचा वाटतो. तो बरोबर असेल, तर मजुरी घेणारे लोक ती कुठे खर्च करत, कुठे राहत, पाणी कुठलं पीत, धान्य कुठल्या धक्क्यावर उतरे, हे प्रश्न लगेच उभे राहतात. त्यांची उत्तरं लेण्यात नाहीत, बेटाच्या बाकीच्या भागात आहेत.

आणि बाकीच्या भागाकडे कोणी फिरकत नाही. पश्चिमेच्या टेकडीत पाच शैव लेणी आहेत. पूर्वेच्या टेकडीवर, जिला स्तूप टेकडी म्हणतात, तिथे विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि आणखी दोन लेणी आहेत. सदाशिव कोरला जाण्याच्या कितीतरी आधी इथे बौद्ध वस्ती होती. मोराबंदरच्या किनाऱ्यावर अँफोरा जातीच्या रोमन कुंभांचे तुकडे मिळाले, क्षत्रपांची नाणी मिळाली. म्हणजे भूमध्य समुद्राकाठची दारू किंवा तेल भरलेले घडे इथल्या धक्क्याला लागत होते. बेटावर आजही तीन गावं आहेत, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर, आणि तिन्ही बंदरंच. माणूस उतरतो त्या जेट्टीपासून मोराबंदर दुसऱ्या टोकाला आहे. दोन तासांत तिथे जाऊन येणं आणि लेणंही बघणं जमत नाही, त्यामुळे जगाच्या नकाशावरचा हा प्राचीन व्यापारी धक्का पर्यटनाच्या नकाशावर नाही.

इथे जांभूळच्या वाचकाला त्याच्या घराजवळचा एक धागा दाखवता येईल. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शिवमंदिर आहे. त्यातला लेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा. उत्तर कोकणचे हे शिलाहार आपल्या दानपत्रांत राज्याचं वर्णन करताना ‘पुरी’ हे ठिकाण प्रमुख असलेल्या चौदाशे गावांचा कोकण असं करतात. उल्हास नदीचं खोरं त्यात येतं. त्याआधी चारशे वर्षं, इसवी सन ६३४च्या ऐहोळे येथील प्रशस्तीत कवी रविकीर्ती सांगतो, की दुसऱ्या पुलकेशीने शेकडो नौका घेऊन पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या पुरीला वेढा दिला. ही पुरी कुठली? अनेक अभ्यासकांच्या मते घारापुरी. काहींच्या मते जंजिऱ्याजवळची राजपुरी, आणखीही नावं पुढे आली आहेत. घारापुरीवरचा मुख्य आक्षेप आकाराचा: ओहोटीला सोळा आणि भरतीला दहा चौरस किलोमीटर उरणाऱ्या बेटावर राजधानी कशी मावेल? पण आरमारी राज्याचं ठाणं मोठं असावंच लागतं असं नाही. सिद्दीने जंजिऱ्यासारख्या एका खडकावरून शतकानुशतकं किनारा धाकात ठेवला, आणि ते बेट घारापुरीच्या मानाने अगदीच चिमुकलं. शिवाय शेकडो नौका घेऊन वेढा द्यावा लागला हे वर्णन बंदराच्या बेटालाच अधिक शोभतं. वाद मिटलेला नाही हे कबूल. तो मिटण्यासाठी लेण्यांकडे गेलं त्याच्या काही अंशाने तरी लक्ष बेटावरच्या वस्तीच्या खुणांकडे जायला हवं, आणि लोकांची नजर जिथे जाते तिथेच सरकारी पैसा जातो. अंबरनाथचं देऊळ बांधणाऱ्या घराण्याचा या बेटाशी काय संबंध होता, हा प्रश्न विचारायलाही आधी बेट नुसत्या लेण्यापेक्षा मोठं दिसायला लागतं.

घारापुरीला सहलीचं ठिकाण आपण केलेलं नाही, ते ब्रिटिशांच्या काळात झालं. १५३४च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्याच सुमाराला इथे आला, जुआंव द कास्त्रू याने लेण्याची मापं घेतली, आणि धक्क्याजवळच्या दगडी हत्तीवरून बेटाचं नाव पडलं. मराठ्यांशी झालेल्या युद्धाच्या आरंभी, १७७४ मध्ये, इंग्रजांनी साष्टीबरोबर हे बेट घेतलं आणि १७८२च्या सालबाईच्या तहात ते त्यांच्याकडेच राहिलं. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोऱ्या साहेबलोकांची ही एका दिवसाची सहल झाली: सकाळी होडीने जायचं, लेण्यात जेवायचं, संध्याकाळी परत. १८७५ मध्ये इंग्लंडचा युवराज आला तेव्हा त्याला मेजवानी लेण्यातच दिली. ही पाहुण्याची ऐट आपण सोडली, वेळापत्रक मात्र तसंच ठेवलं. त्या काळचा आणखी एक नमुना म्हणजे खुद्द तो हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा म्हणून उचलताना साखळदंड तुटले आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन १९१४ मध्ये जोडले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. शिलालेख लिस्बनला, हत्ती भायखळ्याला. या बेटाचं सर्वांत मोठं नुकसान रात्री राहणाऱ्या कोणा प्रवाशाने केलं नाही. दिवसाढवळ्या, अधिकाराने, जपण्याच्या किंवा दाखवण्याच्या सबबीवर ते झालं.

आता गावाकडे येऊ. बेटावर सुमारे बाराशे माणसं राहतात, बहुतेक आगरी-कोळी. घारापुरी ग्रामपंचायत रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात आहे. लेण्यांना १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण गावाला पक्की वीज मिळायला २२ फेब्रुवारी २०१८ उजाडलं. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून ती आणली. तोवर संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चाले, मग अंधार. सगळ्या जगाने वारसा मानलेल्या ठिकाणी माणसं तीस वर्षं कंदिलावर राहिली. हे का झालं असावं? माझ्या मते, या बेटाला सरकारी नजरेत रात्रच नव्हती म्हणून. साडेपाचला जे ठिकाण बंद होतं, तिथे सात वाजता दिवे कशाला लागतात? सांस्कृतिक महोत्सवाचंही तेच. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने १९८९ पासून एलिफंटा महोत्सव भरवला. लेण्यांच्या पार्श्वभूमीवर नृत्य-संगीत ही त्याची सगळी खासियत. पुढे काही वर्षं त्याचा मुख्य रंगमंच गेटवेकडेच हलवला, कारण हजारो श्रोत्यांना रात्री बेटावरून परत आणणं जिकिरीचं. नाव घारापुरीचं आणि गाणं अपोलो बंदरावर.

गावाचा धंदा आज पायऱ्यांवर आहे: ताडगोळे, काकड्या, दगडी मूर्ती, टोप्या, डोली. लाँच येते तेव्हा गर्दी, जाते तेव्हा शुकशुकाट. दोन तासांचा गिऱ्हाईक तिकिटावर खर्च करतो, लाँचवर खर्च करतो, आणि उरलेल्या वेळात हाताला लागेल ते घेतो. जो रात्री राहतो तो जेवतो, झोपतो, सकाळी चहा पितो, कोणाला तरी बरोबर घेऊन टेकडी चढतो. त्याचा पैसा एका स्टॉलवर न अडकता घरात जातो. हे सांगायला अर्थशास्त्र नको, पण जगाच्या दुसऱ्या टोकावरचा पुरावा आहे तो बघण्यासारखा आहे.

कॅरिबियन समुद्रात नेदरलँड्सच्या अखत्यारीत साबा नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ तेरा चौरस किलोमीटर, लोकवस्ती दोन हजाराच्या आसपास, म्हणजे आकाराने जवळजवळ घारापुरीएवढंच. कॅरिबियन म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती पांढरी पुळण तिथे नाही. सरळ पाण्यातून उठलेला ज्वालामुखीचा डोंगर आहे. या डोंगरावर रस्ता होणं शक्य नाही असं डच अभियंत्यांनी सांगितलं, तेव्हा जोझेफस लँबर्ट हॅसेल या गावच्याच माणसाने पत्राद्वारे अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १९३८ पासून गावकऱ्यांच्या हातांनी रस्ता बांधायला घेतला. बेटावर पहिली मोटार १९४७ मध्ये उतरली आणि रस्ता पुरा व्हायला १९५८ साल आलं. १९६३ मध्ये एका सपाट भूशिरावर विमानतळ झाला. त्याची धावपट्टी जेमतेम चारशे मीटर, प्रवासी विमानांसाठी जगातली सर्वांत आखूड मानली जाते. अशा बेटावर लोक जातात कशाला? डोंगर चढायला, पाण्याखालचे प्रवाळ बघायला, आणि राहायला. १९८७ मध्ये साबाने आपल्या भोवतालच्या समुद्राचं संरक्षित उद्यान केलं आणि पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून शुल्क घेऊन ते चालवलं. पाहुणा मुक्कामाला असतो, म्हणून दोन-तीनदा पाण्यात उतरतो, म्हणून शुल्क मिळतं, म्हणून राखण होते. ही साखळी पहिल्या कडीपाशी, मुक्कामापाशी, तुटली तर पुढचं काहीच उरत नाही.

त्याच समुद्रात उलटा नमुनाही आहे. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर लबादी नावाचा भाग रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने १९८०च्या दशकात भाडेपट्ट्याने घेतला. जहाज सकाळी येतं, हजारो माणसं उतरतात, दिवसभर पोहतात, संध्याकाळी जहाजावर परततात. भोवती कुंपण. माणशी ठरावीक रक्कम सरकारला मिळते, काही लोकांना नोकऱ्या मिळतात, विक्रेत्यांना परवाने मिळतात. कुंपणापलीकडचा देश पाहुण्याला दिसत नाही. गेल्या काही वर्षांत हैतीतल्या अस्थैर्यामुळे जहाजांनी वळसा घेतला, तेव्हा कुंपणाच्या आतलं सगळं ठप्प झालं. घारापुरी म्हणजे लबादी नाही. इथे कुंपण नाही आणि धंदा गावाचाच आहे. पण वेळापत्रक लबादीचं आहे, साबाचं नाही.

१९८७ हे साल इथे तिसऱ्यांदा येतं, आणि हा योगायोग उपयोगाचा आहे. त्याच वर्षी आपल्या सरकारने मालवणचं सागरी अभयारण्य घोषित केलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र, प्रवाळ, मासे, सगळं कागदावर सुरक्षित झालं, आणि मालवणचे मच्छीमार तेव्हापासून त्याच्या विरोधात उभे राहिले, कारण त्यांना विचारलं नव्हतं आणि त्यांचं पोट त्याच पाण्यात होतं. एकाच वर्षी एकाच हेतूने केलेल्या दोन गोष्टींपैकी साबाची चालली आणि मालवणची अडली. फरक लोकसंख्येचा आहे, श्रीमंतीचा आहे, हे खरं. पण साबाला राखणीत मिळकत दिसली आणि मालवणला फक्त मनाई, हाही फरक आहे. गंमत अशी, की मालवण-तारकर्लीची मिळकत पुढे आली ती अभयारण्यातून नव्हे, घरगुती मुक्कामातून. पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेसारख्या वाटा सापडल्या आणि कोळणीच्या हातची सुरमई खाऊन तिच्याच पडवीत झोपणारा पाहुणा तयार झाला. ज्या सरकारने ही योजना किनाऱ्याला दिली, त्याच सरकारने मुंबईच्या दारातल्या बेटाला ती नाकारावी यात संगती नाही.

पहिला आक्षेप सुरक्षेचा. घारापुरीसमोर तुर्भ्याचं अणुसंशोधन केंद्र आहे, बुचर बेटावर तेलाचं बंदर आहे, पलीकडे जवाहरलाल नेहरू बंदर. आणि २००८चे हल्लेखोर समुद्रातूनच आले होते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो नेमका कशाविरुद्ध आहे ते बघायला हवं. बेट रात्री निर्मनुष्य नसतं, बाराशे माणसं तिथे राहतात, त्यांचे पाहुणे-सोयरे येतात. दिवसा मात्र हजारो अनोळखी माणसं नावाची कुठलीही नोंद न करता लाँचमध्ये चढतात. सुरक्षेच्या दृष्टीने ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या घरात, ठरलेल्या वहीत नोंदवलेले तीस-चाळीस पाहुणे अधिक धोक्याचे की हे? देशाच्या सीमेवरच्या लडाखमध्ये आपण गावकऱ्यांच्या घरात पाहुणे ठेवतो, ते नोंद ठेवूनच. शिवाय धोका नेहमी बाहेरून येतो असंही नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘नीलकमल’ ही प्रवासी लाँच घारापुरीला निघाली असताना नौदलाची वेगवान बोट तिच्यावर आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. माणसं कमी वेळात भरभरून नेणं आणि परत आणणं हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे, आणि मुक्कामाने तो थोडा तरी हलका होतो.

दुसरा आक्षेप लेण्यांचा: माणसं वाढली तर झीज वाढेल. इथे एकूण गर्दी आणि एका वेळची गर्दी यांत गल्लत होते. लेण्यावर ताण पडतो तो लाँच एकामागून एक धक्क्याला लागतात त्या तीन-चार तासांत. रात्री राहिलेला माणूस लेणं उघडताच, पहिली लाँच येण्याआधी आत जाईल. तो एक तास सदाशिवासमोर बसेल, आणि दुपारच्या रेट्यात त्याची भर पडणार नाही. रात्री लेणं उघडं ठेवायचं असं कोणी म्हणत नाही. पुरातत्त्व खात्याची वेळ आणि दार तसंच राहावं.

तिसरा आक्षेप पाण्याचा आणि कचऱ्याचा, आणि तोच मला खरा वाटतो. बेटावर गोडं पाणी मोजकं आहे. उन्हाळ्यात गावालाच पुरत नाही तिथे पाहुण्याने अंघोळ कशाने करावी? या प्रश्नाचं वजन जांभूळकरांना कोणी समजावून सांगायला नको. बारवी धरणाचं पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पार होऊन उल्हासनगर-अंबरनाथसह औद्योगिक पट्ट्यातल्या शहरांकडे जातं. आणि धरणाची उंची वाढली तेव्हा मुरबाडच्या बाजूची गावं पाण्याखाली गेली. पाणी साठतं एकाच्या दारात आणि वापरलं जातं दुसऱ्याच्या नळातून, हे या पट्ट्याला पाठ आहे. घारापुरीत तसं झालं, गावच्या विहिरीवर पाहुण्याची बादली आधी लागली, तर ही सगळी कल्पना फेकून द्यावी. म्हणूनच पाहुण्यांची संख्या खाटांवरून नाही, पाण्यावरून ठरली पाहिजे: ज्या घराने छपराचं पावसाचं पाणी साठवायचं टाकं बांधलं त्यालाच परवाना, आणि टाकं आटलं की हंगाम बंद. साबातही घरोघरी छपराचं पाणी तळघरातल्या टाक्यात साठवण्याचीच रीत आहे. आणि इतकं लांब कशाला? पहिल्या लेण्याच्या बाजूच्या अंगणात, डोंगराच्या पोटात, सहाव्या शतकातल्या कारागिरांनी पाण्याचं टाकं खोदून ठेवलंय. ते नुसतं देवासाठी नव्हे, राहणाऱ्यांसाठीही असावं. तरीही या आक्षेपाने माझ्या म्हणण्याला मोठी वेसण घातली आहे हे मान्य करायला हवं: शेकडो खाटा या बेटावर कधीच मावणार नाहीत, आणि मावू नयेत.

मग चौथा आक्षेप, जो राजकीय आहे: एकदा दार उघडलं की बाहेरचा पैसा शिरणार, गावकरी वेटर होणार. जमैका किंकेड या लेखिकेने १९८८ मध्ये आपल्या अँटिग्वा बेटावर ‘अ स्मॉल प्लेस’ हे छोटं, जळजळीत पुस्तक लिहिलं. पाहुण्याच्या सुट्टीमागे यजमानाचं काय होतं याचा तो हिशोब आहे. डेरेक वॉलकॉट यांनी १९९२च्या नोबेल भाषणाची सुरुवात त्रिनिदादच्या फेलिसिटी गावातल्या रामलीलेपासून केली, आणि त्याच भाषणात बेटांना निळ्या पाण्याच्या जाहिरातीत रूपांतरित करणाऱ्या पर्यटनावर तुटून पडले. हा अनुभव खोटा नाही. पण ज्या पर्यटनाने यजमानाला अदृश्य केलं त्यात मालकी बाहेरची होती. इथे परवाना फक्त बेटावर पिढ्यांपासून राहणाऱ्या घराला, विकायला किंवा भाड्याने द्यायला मनाई, आणि निर्णय ग्रामसभेचा, असा नियम घालता येतो. तो मोडला जाईल का? आपल्याकडे सातबारे कसे हलतात हे बदलापूरच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारावं. मोडला जाईल म्हणून केलाच नाही, तर मात्र आज जो न मोडता चालू आहे तो नियम गावाला पायऱ्यांवर बसवून ठेवतो.

हे सगळं वाचताना अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकाला एक ओळखीचा प्रकार आठवेल. पावसाळा आला की कोंडेश्वरला, बारवीच्या बाजूला मुंबई-ठाण्याची झुंबड उडते, कोणी तरी बुडतं, आणि जिल्हा प्रशासन मनाईचा आदेश काढतं. गावाला गर्दीही मिळते आणि मनाईही, पण मिळकत फारशी नाही. कारण येणारा दुपारी येतो आणि पाच वाजता गाडीत बसतो. घारापुरी ही या अडचणीची जगप्रसिद्ध आवृत्ती आहे, एवढंच.

आता बेटासाठी नवीन योजना येत असतात त्यांची दिशा बघावी. शिवडीहून घारापुरीपर्यंत समुद्रावरून रोपवे न्यायचा प्रस्ताव मुंबई बंदराने मांडला होता. अटल सेतू २०२४च्या जानेवारीत सुरू झाला. वेळ वाचवणं हा या सगळ्याचा हेतू. पण प्रवासात वाचलेला वेळ बेटाला मिळेल याची खात्री काय? रोपवेने पाळण्यामागून पाळणा माणसं उतरवली आणि मुक्कामाचा नियम तसाच राहिला, तर तोच दोन तासांचा पाहुणा दुपटीने येईल, तेच पहिलं लेणं बघेल. मोराबंदर तिथेच राहील, स्तूप टेकडी तिथेच राहील.

चाचणी घेऊन बघायची तर एक सोय आयती आहे. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेच्या पर्यटक लाँचही त्या दिवशी नसतात. पण बेट बंद नसतं. तेव्हा पहिलं वर्षभर मुक्कामाची परवानगी फक्त रविवारच्या रात्रीची द्यावी, ऑक्टोबर ते मे, आणि तीही टाकं असलेल्या दहा घरांना. रविवारी लेणं बघून झालं, सोमवारी सकाळी लेण्याशिवायचं बेट: स्तूप टेकडी, मोराबंदरचा किनारा, वरच्या टेकडीवरच्या ब्रिटिश तोफा, ओहोटीला उघडं पडणारं खाजण. दुपारी गावकऱ्यांच्या होडीने उरणच्या बाजूचं मोरा गाठायचं. उरणहून लोकल २०२४ पासून सुटते; नेरूळ, ठाणे करत अंबरनाथला संध्याकाळपर्यंत पोचता येतं, गेटवेला न जाता. लेण्याला त्या दिवशी कोणाचाच स्पर्श होणार नाही, म्हणून पुरातत्त्व खात्याला हरकतीचं कारण नाही. नोंद पोलिसांकडे राहील. आणि लेणं बंद असलेल्या दिवशी या बेटावर यायला माणसं तयार आहेत की नाहीत, याचा आकडा वर्षाअखेर ग्रामपंचायतीच्या वहीत सापडेल.